योंगमुनसाचा गिंको वृक्ष : आख्यायिकांची चिकित्सा

दक्षिण कोरियातील यांगप्योंग येथे योंगमुनसा विहारासमोर गिंकोचा एक प्रचंड वृक्ष आहे. उंची सुमारे ४० मीटर, वय अंदाजे ११०० वर्षे. १९६२ साली शासनाने त्यास नैसर्गिक स्मारक घोषित केले. महापदानसुत्तात सात बुद्धांचे सात बोधिवृक्ष सांगितले आहेत, त्यांत गिंको नाही. तो मूळचा चीनचा. तेव्हा त्याचे माहात्म्य पालि वाङ्मयातून नव्हे, स्थानिक आख्यायिकांतून आले आहे, आणि त्या तपासून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आचार्य उइसांग यांनी रोवलेल्या काठीला पालवी फुटली, ही पहिली. उइसांग इ. स. ७०२ मध्ये निवर्तले. वयाचा अंदाज ग्राह्य धरल्यास वृक्ष त्यांच्यानंतर सुमारे दोन शतकांनी रुजला. दुसरीनुसार ९३५ मध्ये सिल्ला राज्य लयास गेल्यावर विरक्त राजपुत्राने तो लावला. येथे काळ जुळतो, पण काळ जुळणे म्हणजे पुरावा नव्हे. कुऱ्हाड घालताच खोडातून रक्त आले, ही तिसरी. विनयपिटकातील भूतगाम शिक्षापदाची कथा हिच्याशेजारी ठेवून पाहावी. आळवीच्या भिक्खूने झाड तोडले, वृक्षदेवता गाऱ्हाणे घेऊन आली. भगवंतांनी तिला दुसरे झाड दाखविले आणि लोकापवाद ऐकून भिक्खूच्या हाताला आवर घातला. झाडास पूज्य ठरविले नाही.

चौथी आख्यायिका मात्र विचारात पाडणारी आहे. राजा सेजोंगने या वृक्षास दरबारी हुद्दा दिला म्हणतात. याच राजाने १४२४ मध्ये बौद्ध संप्रदायांची दोन गटांत मोट बांधून मान्य विहार ३६ वर आणले. त्या राजवटीने भिक्खूंवर घातलेली राजधानीची प्रवेशबंदी १८९५ मध्ये उठली. झाडाला हुद्दा आणि भिक्खू वेशीबाहेर! वेशीबाहेरचे जिणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. उत्तरायुष्यात सेजोंग धम्माकडे झुकला, हेही नमूद केले पाहिजे. १४४६ मध्ये राणी वारल्यावर तिच्या पुण्यार्थ राजपुत्राने याच विहाराचा जीर्णोद्धार केला. म्हणून ही कथा असंभाव्य ठरत नाही. परंतु वृक्षाच्या मानात संघाचा मान शोधणाऱ्यांनी प्रवेशबंदीचे साल विसरू नये.

१९०७ मध्ये जपानी सैन्याने विहार जाळला, कारण कोरियन प्रतिकारकांचा तेथे तळ होता. वृक्ष वाचला. गिंकोची साल सहजी पेट घेत नाही. यास दैवी रक्षण म्हणणाऱ्यांनी जळालेल्या विहाराचाही हिशेब द्यावा.