संगणकाचे वाचन आणि झाशीचा पाठ

ग्रंथातील शब्द मोजणे हा उद्योग साहित्याभ्यासाला नवा नाही. रॉबेर्तो बुसा ह्या इटालियन जेझुइट धर्मगुरूने टॉमस अक्वायनसच्या समग्र लेखनाची शब्दसूची सिद्ध करण्यासाठी १९४९ सालापासून यंत्राची मदत घेतली, आणि तेव्हापासून यंत्र हे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे एक साधन होऊन राहिले आहे. मात्र बुसासमोरची संहिता पूर्ण झालेली होती. तिचा कर्ता निश्चित होता आणि तिच्या कडा ठरलेल्या होत्या. समाजमाध्यमांवरील लेखनाला असा कर्ता नाही, आरंभ नाही, शेवट नाही. ते प्रतिक्षणी वाढते व प्रतिक्षणी पुसलेही जाते. अशा लेखनाचा संगणकीय अभ्यास आज विद्यापीठांतून होऊ लागला असताना समीक्षेने त्याला एक जुनाच प्रश्न विचारला पाहिजे. मोजणी सुरू होण्यापूर्वी ही संहिता कोणी सिद्ध केली, आणि कशी?

ह्या अभ्यासाची रीत थोडक्यात अशी. हजारो संदेश एकत्र केले जातात. कोणता शब्द किती वेळा येतो आणि कोणत्या शब्दांच्या संगतीने येतो, ह्याची नोंद यंत्र करते. जे. आर. फर्थ ह्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, असा विचार मांडला होता. आजच्या यंत्राचे वाचन बहुतांशी ह्याच विचारावर उभे आहे. मराठीतही हे काम झाले आहे. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ ह्या गटाने २०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्वीट अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ अशा तीन वर्गांत लावून प्रसिद्ध केले. २०२२ साली द्वेषमूलक लेखनाच्या अभ्यासासाठी २५,००० हून अधिक ट्वीटांचा संग्रह त्यांनी सादर केला. मराठीसारख्या भाषेसाठी हे काम मोलाचे आहे, ह्याविषयी दुमत होऊ नये. परंतु ह्या संग्रहांतील प्रत्येक वाक्यावरचे लेबल आधी माणसानेच वाचून लावलेले असते. यंत्र जे शिकते ते त्या माणसाचे वाचन होय.

ह्या रीतीची कसोटी पाहायची तर झाशीसारखे दुसरे नाव मिळणे कठीण. नेवाळकरांचे हे मराठी संस्थान बुंदेलखंडात वसलेले होते. त्याची राणी मराठी घरातली, तर प्रजेची भाषा बुंदेली व हिंदुस्थानी. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली राणीचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले, त्यात गावाचे नाव ‘झांशी’ आहे. आजचा मराठी लेखक ‘झाशी’ लिहितो. हिंदी लेखक ‘झाँसी’ लिहितो, आणि घाईत टंकलेखन करणारा ‘झांसी’. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस तेथील रेल्वेस्थानकाला ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाँसी’ असे नाव देण्यात आले. ह्या घटनेवरील लोकमत अभ्यासण्यासाठी ज्याने केवळ ‘झाशी’ हा शब्द शोधला, त्याला महाराष्ट्राचे मत सापडेल, झाशीचे नव्हे. शोधशब्द निवडताना अभ्यासकाने आपला समाज आधीच निवडलेला असतो आणि पुष्कळदा त्याचे त्यालाही भान नसते.

याहून गंभीर अडचण भाषेच्या ओळखीची आहे. मराठी व हिंदी ह्या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. त्यामुळे लिपीवरून भाषा ठरत नाही, अक्षरांच्या व शब्दांच्या जुळणीवरून ती ठरवावी लागते. संदेश लहान असेल तर निर्णय डळमळीत होतो. बुंदेलखंडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातील कोणी आप्तेष्टांना लिहिते असे समजू या: ‘शाम को आरती आहे, जरूर या.’ ह्या वाक्यातील ‘शाम को’ हिंदी. ‘आरती’ व ‘जरूर’ दोन्ही भाषांचे. ‘या’ हे मराठीत आमंत्रण आहे, तर हिंदीत ते ‘किंवा’ अशा अर्थाचे अव्यय होते. निःसंशय मराठी असा एक ‘आहे’ तेवढा उरतो. यंत्राने हे वाक्य हिंदीच्या टोपलीत टाकले, अथवा मिश्र म्हणून वगळले, तर नवल नाही. आणि वगळलेल्या वाक्याची मोजणी होत नाही. झाशी, ग्वाल्हेर, इंदूर येथील मराठी अशा रीतीने मराठीच्या संग्रहातून निसटते. मग पुणे-मुंबईची मराठी म्हणजेच मराठी, हा निष्कर्ष आकड्यांनी सिद्ध झाल्यासारखा दिसतो. वास्तविक तो गृहीतकातच दडलेला असतो.

तिसरी अडचण अर्थाची. राणीच्या तोंडचे म्हणून प्रसिद्ध असलेले ‘मी माझी झाशी देणार नाही’ हे वाक्य घ्या. मराठी घरात खिडकीजवळची जागा न सोडणारे मूलही ते म्हणते. निवडणुकीतला उमेदवार ते गर्जनेसारखे म्हणतो आणि त्याचा विरोधक उपहासाने त्याच्याच अंगावर फेकतो. शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच. केवळ ‘नाही’ पाहून प्रतिकूल ठरवणारे यंत्र अगदी प्राथमिक म्हटले पाहिजे. आजची यंत्रे भोवतालचा मजकूरही लक्षात घेतात. परंतु हा उपहास ज्या प्रसंगातून उपजतो तो प्रसंग संदेशात लिहिलेलाच नसेल, तर त्यांनी तो वाचावा कोठून? आनंदवर्धनाने वाच्यार्थाहून वेगळा असा प्रतीयमान अर्थ मानला आणि तो जाणण्यासाठी सहृदयाची अपेक्षा धरली. अनुकूल, प्रतिकूल, तटस्थ ह्या तीन कप्प्यांत त्या अर्थाला जागा नाही.

येथे मराठी साहित्याच्या इतिहासातील एक प्रकरण उद्बोधक ठरेल, आणि तेही झाशीचेच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झाशीत होते. त्यांनी पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला, परंतु मूळ मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेला पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली वाचकांपुढे आला. मधली सुमारे साठ वर्षे मराठी वाचक ज्याला गोडसे भटजींचे शब्द समजत होता, त्यांत संपादकाचा हात मिसळलेला होता. संदेशांचा संग्रह करणारा अभ्यासकही हेच करतो. तो चिन्हे काढतो, शुद्धलेखन एकसारखे करतो, रोमन अक्षरे गाळतो आणि ह्या कामाला ‘सफाई’ म्हणतो. साहित्याच्या अभ्यासकाने त्याला संपादन म्हणावे. कारण संपादन म्हटले की संपादकाची जबाबदारी आली, आणि आपण काय बदलले हे सांगण्याचे बंधनही आले.

ह्या बंधनाचा उत्तम आदर्श पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या नंतरच्या संपादकांनी एक पाठ स्वीकारला, पण नाकारलेले पाठभेद फेकून दिले नाहीत. ते पानाच्या तळाशी छापले. त्यामुळे वाचकाला संपादकाशी वाद घालता येतो. समाजमाध्यमांवरील मराठीच्या संग्रहांनाही असे तळटिपांचे अंग हवे. कोणते शोधशब्द वापरले, कोणते संदेश वगळले, भाषा कोणत्या निकषावर ठरवली, लेबल लावताना दोन वाचकांचे मतभेद झाले तर ते कोठे झाले, हे निष्कर्षाच्या आकड्याइतकेच ठळकपणे नोंदले पाहिजे. किंबहुना जेथे दोन जाणत्या वाचकांचे एकमत होत नाही, ती वाक्ये समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत मोलाची होत. त्यांचे बहुमताने एकच लेबल करून टाकणे म्हणजे पाठभेद जाळून टाकणे होय.

हा युक्तिवाद यंत्राच्या विरोधातला नाही. लाखो वाक्यांतून एखादा शब्द केव्हा रूढ झाला, कोणत्या विशेषणांनी तो वेढला गेला, हे एकट्या वाचकाला आयुष्यभरात दिसणार नाही. यंत्र ते दाखवू शकते. परंतु त्याच्यासमोर येते ते समाजाचे सगळे बोलणे नव्हे. घरगुती संवाद खाजगी गटांत चालतो आणि तो तेथेच राहावा हे योग्यही आहे. उघड्या व्यासपीठांची दारे मालकाच्या इच्छेवर अवलंबून असतात. ट्विटरने २०२३ साली संशोधकांना मिळणारी मोफत सोय बंद केली, त्याच वर्षी त्याचे नावही बदलून ‘एक्स’ झाले. तेव्हा ‘मराठी समाज असे म्हणतो’ ह्या विधानाऐवजी ‘ह्या संग्रहातील मराठी असे म्हणते’ एवढेच म्हणणे न्याय्य ठरेल. साहित्याच्या विद्यार्थ्याने संगणकाची भाषा अवश्य शिकावी, परंतु पाठचिकित्सेची आपली विद्या तिच्या दाराबाहेर ठेवून आत जाऊ नये. त्या आकड्यांना ह्या विद्येचीच उणीव आहे. ती भरून निघाली, तर झाशीच्या मराठी घरातील ते आरतीचे निमंत्रण मराठी म्हणून नोंदले जाईल.