'गय्याळी' आणि 'कजाग': एका शब्दाचे भाषांतर

शब्दाला शब्द देणे हे भाषांतराचे काम नव्हे, हे आता सर्वमान्य आहे. परंतु व्यक्तीच्या स्वभावावर शिक्का मारणारा शब्द समोर आला, की अनुभवी भाषांतरकारही कोशातील पहिला प्रतिशब्द उचलून पुढे जातो. कन्नडमधील 'गय्याळी' हा शब्द या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. तोंडाळ, कोणाला न जुमानणारी, चारचौघांत आवाज चढवून भांडणारी स्त्री, असा त्याचा रूढ अर्थ. पूर्णचंद्र तेजस्वी (१९३८–२००७) यांच्या 'किरगूरिन गय्याळिगळु' या कथेच्या शीर्षकातच तो आहे. सुमना कित्तूर यांनी २०१६ मध्ये या कथेवर चित्रपट केल्यावर तो नव्या पिढीच्याही कानी पडला.

मराठीत या अर्थाच्या शब्दांचा तोटा नाही. अडचण आहे ती निवडीची. 'भांडखोर' हा त्यातला सर्वांत सपाट शब्द. 'खोर' हा फारसी प्रत्यय 'खाणारा' या अर्थाचा. चहाडखोर, लाचखोर यांच्या पंक्तीत बसणारा हा शब्द पुरुषालाही सहज लागू पडतो. 'भांडकुदळ' या शब्दात उकरून काढण्याची क्रिया दिसते. शिवाय त्यात किंचित विनोद आहे, आणि ज्या व्यक्तीला हसता येते तिचे भय उरत नाही. 'कजाग' मात्र निराळा. व्याकरण त्याला स्त्रीलिंगात कोंडत नाही, तरी रूढी कोंडते: कजाग सासू, कजाग बायको हे प्रयोग जितके सहज, तितका 'कजाग सासरा' ओठांवर येत नाही.

हा पक्षपात केवळ एका शब्दापुरता नाही. नारदाला परंपरेने 'कलहप्रिय' म्हटले, मराठीने 'कळलाव्या' म्हटले. पण दोन्ही शब्दांत कौतुकाची छटा आहे. मागे न हटणाऱ्या पुरुषाला मराठी 'बाणेदार' म्हणते, 'करारी' म्हणते; तोच ताठपणा स्त्रीच्या ठिकाणी दिसला की शब्द बदलतो. म्हणजे हे शब्द स्वभावाचे वर्णन करतात असे वरकरणी दिसले, तरी त्यांतून व्यक्त होतो तो वर्णन करणाऱ्याचा अधिकार.

याला मराठीतच एक ठळक अपवाद आहे. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठलाची कानउघाडणी आहे, प्रसंगी शिव्याशापही आहेत. तरीही तिला कोणी कजाग म्हटले नाही. त्या भांडणाला परंपरेने 'प्रेमकलह' हे नाव दिले. देवाशी भांडणारी स्त्री संत ठरते आणि गावच्या कारभाऱ्याशी भांडणारी कजाग ठरते. भांडणाचे स्वरूप तेच. ज्याच्याशी भांडायचे तो सहन करणारा आहे की नाही, एवढाच फरक.

तेजस्वींच्या कथेचे मर्म नेमके येथे आहे. किरगूरच्या बायका गावातील पुरुषांच्या बेबंद कारभाराविरुद्ध उभ्या राहतात. त्यांना चिकटवलेली शिवी लेखक पुसत नाही, तिच्याऐवजी गौरवाचा शब्दही सुचवीत नाही. शिवी तशीच ठेवून तिच्यातील तिरस्कार हळूहळू काढून घेतो. म्हणून मराठी भाषांतरकाराने 'रणरागिणी' या शब्दाचा मोह टाळला पाहिजे. तो शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी इतका झिजवला आहे की त्यात निंदाच उरलेली नाही. आणि जेथे निंदा नाही, तेथे निंदेचे उलटणेही संभवत नाही. शेवटी जो आदर वाचकाने स्वतः कमवायचा, तो हा शब्द पहिल्याच ओळीत फुकट वाटून टाकतो.

हा प्रश्न केवळ खेड्यातील कथेपुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागात कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, मराठी अशा अनेक भाषा एकाच गल्लीत नांदतात. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरावर पाणीटंचाईचे संकट आले, तेव्हा त्याची झळ या भागाला विशेष लागली. अशा वेळी टँकरवाल्याला दराचा जाब विचारणारी बाई कन्नड शेजाऱ्याला 'गय्याळी' वाटू शकते आणि मराठी शेजाऱ्याला 'भांडकुदळ'. पाणी मात्र तिच्या भांडणामुळे सर्वांनाच मिळते. दोन भाषांतील हे दोन शब्द कोशात समानार्थी ठरतील. त्या बाईवर दोघेही सारखाच अन्याय करतात, हे मात्र कोश सांगणार नाही.

तेव्हा 'गय्याळी'साठी मराठीत 'कजाग' हाच शब्द अधिक योग्य ठरतो. त्यात विनोदाची पळवाट नाही, गौरवाची घाई नाही. त्यात धाक आहे, आणि ज्याचा धाक वाटतो त्याविषयी पुढे आदर वाटणे शक्य असते. 'किरगूरच्या कजाग बायका' हे शीर्षक वाचून मराठी वाचकाच्या कपाळावर आठी पडली, तर ती पडू द्यावी. कथा संपताना तीच आठी त्याला स्वतःकडे वळून पाहायला लावील.