सोबत आणि साठा : संग्रहणक्रीडेच्या आरंभाचे वाचन

१

कथनाचा शेवट कसा होतो या प्रश्नाभोवती मराठी समीक्षा जितकी रेंगाळली, तितकी ती आरंभाच्या प्रश्नाभोवती रेंगाळलेली नाही. शोकात्मिका, सुखात्मिका, खुला शेवट ही वर्गीकरणे शेवटावरून ठरतात. आरंभ मात्र पार्श्वभूमीची तजवीज करणारा, म्हणून काहीसा दुय्यम भाग मानला जातो. नाट्यशास्त्रातील संधिविचाराने या समजुतीला फार पूर्वीच छेद दिलेला आहे. मुखसंधीत जे बीज पेरले जाते त्याचेच फळ निर्वहणात हाती येते, हे सूत्र गंभीरपणे घेतले तर आरंभाचे वाचन म्हणजे त्या कृतीच्या मूल्यव्यवस्थेचे वाचन ठरते.

वाचकाला स्वतःच्या श्रमाने आरंभ पार करावा लागतो अशा कथनप्रकारात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. एस्पेन ऑरसेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात ज्या संहितांचा विचार केला, त्यांत पान उलटण्यापलीकडचे काही केल्याशिवाय वाचक पुढे सरकू शकत नाही. व्हिडिओ गेम हे अशा संहितेचे सर्वपरिचित रूप होय. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘पोकेमॉन’चे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन खेळ प्रसिद्ध झाले. रानात भेटणारे अद्भुत प्राणी चेंडूत पकडायचे, त्यांना लढाईतून वाढवायचे, इतरांच्या प्राण्यांशी झुंजवायचे आणि १५१ जातींची सूची पूर्ण करायची, असे त्यांचे स्थूल स्वरूप आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यातील पहिला टप्पा, म्हणजे घर सोडल्यापासून पहिले पदक मिळेपर्यंतचा प्रवास, एवढाच आहे. या टप्प्यात प्राणी ही ‘सोबत’ असते. पुढे तो ‘साठा’ होतो. या खेळाचे वाङ्मयीन मूल्य पहिल्या अवस्थेत आहे आणि दुसऱ्या अवस्थेत ते क्षीण होते, असे येथे मांडायचे आहे.

२

खेळाची सुरुवात एका लहान मुलाच्या खोलीत होते. घरात आई आहे. वडिलांचा उल्लेख नाही. गावाचे इंग्रजी रूपातील नाव पॅलेट टाउन. दोन घरे, एक प्रयोगशाळा आणि उत्तरेकडे उंच गवत, एवढाच त्याचा विस्तार. मुलगा त्या गवताकडे निघताच वृद्ध शास्त्रज्ञ प्रोफेसर ओक त्याला अडवतात. गवतात रानटी प्राणी आहेत. स्वतःचा प्राणी बरोबर असल्याखेरीज तेथे जाणे धोक्याचे आहे.

व्लादिमिर प्रॉप यांच्या परीकथेच्या रूपमीमांसेतील (१९२८) आरंभीच्या क्रिया येथे जवळजवळ क्रमाने आढळतात : वडीलधाऱ्याची अनुपस्थिती, निषेध, निषेधाचा भंग आणि मग दात्याची भेट. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. परीकथेत निषेध मोडला की संकट ओढवते. येथे निषेध मोडायला गेल्यावरच दाता प्रकट होतो. मुलगा गावातच घुटमळत राहिला तर कथा सुरूच होत नाही. या निषेधाचा मराठीत नेमका अनुवाद ‘जाऊ नकोस’ असा होत नाही. तो ‘सोबतीशिवाय जाऊ नकोस’ असा होतो. तिन्हीसांजेला वेशीबाहेर निघालेल्या पोराला कोकणातली आजी जे सांगते, तेच हे वाक्य होय. ‘सोबत’ या शब्दात मालकी नाही. सोबत मिळते, देता येते, सुटते; ती साठवून ठेवता येत नाही.

यानंतरचा निवडीचा प्रसंग रचनेच्या दृष्टीने विशेष पाहण्यासारखा आहे. वनस्पती, अग्नी आणि जल या तीन प्रकृतींचे तीन प्राणी पुढ्यात असतात; त्यांतला एक घ्यायचा. शेजारचा स्पर्धक मुलगा मुद्दाम तोच प्राणी उचलतो, ज्याची प्रकृती नायकाच्या प्राण्यावर मात करते, आणि लगेच लढाईचे आव्हान देतो. परंतु या क्षणी तिन्ही प्राण्यांपाशी धडक मारणे किंवा ओरबाडणे आणि गुरगुरणे किंवा शेपूट हलवणे इतकेच असते. अग्नी, जल, वनस्पती ही अद्याप केवळ नावे आहेत. त्यांचे सामर्थ्य पुढच्या स्तरांवर प्रकटणार आहे. स्पर्धकाचे वर्चस्व सूचित झाले आहे, पण घडलेले नाही. बीज पेरले गेले, अंकुर दिसलेला नाही, अशी ही मुखसंधीची तंतोतंत अवस्था आहे. या लढाईत हार झाली तरी कथा थांबत नाही, हेही अर्थपूर्ण आहे. पहिल्या पराभवाला येथे शिक्षा नाही.

असेच दुसरे बीज पुढच्या व्हिरिडियन गावात आहे. तेथील आखाडा बंद असतो. खेळाडू दार पाहतो, परततो आणि विसरून जातो. इतर सात पदके मिळाल्यावर तेच दार उघडते आणि आठवे, शेवटचे पदक तिथेच मिळते. आरंभाजवळच शेवटाचे कुलूपबंद दार ठेवणारी ही योजना एखाद्या कसलेल्या कादंबरीकाराला शोभणारी आहे.

३

आरंभाचा हा टप्पा पार करणे म्हणजे अभाव सोसणे होय. दुकानदार प्रथम काही विकत नाही; तो प्रोफेसर ओकांसाठी आलेले पार्सल हाती ठेवतो. ते पोचवायला आलेल्या वाटेनेच परत जावे लागते. पुढची वाट एका म्हाताऱ्याने अडवलेली असते. पार्सल पोचल्यावर प्राण्यांची नोंद ठेवणारी पोकेडेक्स ही यांत्रिक सूची मिळते. मग तोच म्हातारा प्राणी कसा पकडावा याचे प्रात्यक्षिक दाखवतो. नायकाचे पहिले कर्तृत्व निरोप्याचे आहे, वीराचे नाही.

त्यानंतरच्या व्हिरिडियन अरण्यात बहुधा अळ्या आणि कोशच भेटतात. तेथील विषारी अळीने दंश केला तर विष लढाईनंतरही उतरत नाही. चालताना दर चार पावलांना प्राण्याची शक्ती एकेक अंशाने घटते. हा तपशील कथनशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा आहे. एरवी रस्ता म्हणजे दोन प्रसंगांमधील मोकळी जागा. येथे पाऊल हेच काळाचे आणि वेदनेचे एकक बनते. उतारा विकत घेतला नसेल तर खेळाडू पावले मोजू लागतो. वाचनाची क्रिया आणि पात्राची व्यथा यांच्यातील अंतर इतके कमी करणे छापील संहितेला सहसा साधत नाही. बरोबरचे सगळे प्राणी मूर्च्छित झाले, तर अर्धे पैसे गमावून मागच्या उपचारकेंद्रात परतावे लागते. मृत्यू नाही, पण परतणे आहे.

अरण्यापलीकडे प्यूटर गावात ब्रॉक हा पाषाणप्रकृतीच्या प्राण्यांचा आखाडाप्रमुख आहे. त्याचे दोन प्राणी बाराव्या आणि चौदाव्या स्तरांवरचे. ज्याने जल किंवा वनस्पती निवडली त्याला ही लढाई तुलनेने सोपी जाते. अग्नी निवडणाऱ्याला तो पाषाण खरोखरच आडवा येतो. अनेक तास आधी, काहीच ठाऊक नसताना केलेल्या निवडीचे मोल येथे चुकवावे लागते. मात्र खेळ तोडगाही देतो, आणि तो अरण्यात तुच्छ वाटलेल्या अळीतून. सातव्या स्तरावर त्या अळीचा कोश होतो. दहाव्या स्तरावर कोशातून फुलपाखरू बाहेर येते. बाराव्या स्तरावर ते मनोबलाचा असा प्रहार शिकते, ज्यापुढे दगडाच्या कवचाचा उपयोग होत नाही. जवळजवळ निष्क्रिय कोशाला जपत, त्याच्या वाटची लढाई दुसऱ्याकडून लढवून घेत ज्याने ते तीन स्तर काढले, त्यालाच हे उत्तर सापडते.

हा सारा भाग नवख्याला नियम शिकवण्यासाठी केलेली सोय आहे, असा आक्षेप घेता येईल. म्हाताऱ्याच्या प्रात्यक्षिकापुरता तो मान्य करावा लागेल. परंतु बंद दार, चालताना भिनणारे विष आणि कोशाची प्रतीक्षा यांतून नियमापेक्षा अधिक काही शिकवले जाते : दुबळ्याबरोबर वेळ काढण्याची सवय.

४

पहिल्या पदकानंतर हळूहळू विपुलता येते. एका वेळी सहाच प्राणी बरोबर ठेवता येतात. बाकीचे संगणकातील पेट्यांत जातात, आणि त्या बारा पेट्यांत प्रत्येकी वीस प्राणी मावतात. ‘कोण बरोबर आहे’ हा प्रश्न मागे पडून ‘काय उरले आहे’ हा प्रश्न पुढे येतो. सूची पूर्ण करण्यासाठी दुसऱ्या आवृत्तीच्या खेळाडूशी अदलाबदल करावीच लागते, ही तरतूद संग्रहाला सामाजिक करते. तरीही जी अदलाबदल होते ती साठ्याचीच.

संबंधाचे संग्रहात होणारे हे रूपांतर एका खेळापुरते मर्यादित नाही. खेळाचे जनक सातोशी ताजिरी (जन्म १९६५) यांचे बालपण टोकिओच्या सीमेवरील माचिदा परिसरात कीटक गोळा करण्यात गेले. पुढे तेथील तळी आणि शेते वस्तीखाली गेली. जे प्रत्यक्षात नाहीसे झाले ते चौकटीत परत आणण्याची इच्छा या खेळामागे आहे. आपल्याकडेही हेच घडलेले आहे. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेल्या साहित्यावरून आर. ई. एन्थोवेन यांनी सिद्ध केलेल्या कोकणच्या लोकविद्येच्या संकलनात (१९१५) गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला धाडलेली उत्तरे आहेत. तिच्यात भुतांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, त्यांचे स्वभाव आणि त्यांवरचे उपाय नोंदलेले आहेत. ती एका अर्थाने कोकणच्या अमानुष सृष्टीची पोकेडेक्सच होय. अभ्यासकाला तिचे मोल आहेच. पण सूचीत आलेला देवचार आणि सीमेवरचा देवचार हे एक नव्हेत. सीमेवरच्याला पकडून घरी आणता येत नाही. त्याच्याशी व्यवहार होतो तो नारळाचा, गाऱ्हाण्याचा, ठरलेल्या मानाचा. वेताळपंचविशीतला विक्रमही वेताळाला खांद्यावर घेतो, पण पकडणे पुन्हापुन्हा फसते. अखेरीस वेताळ त्याला साह्य करतो ते पकडला गेला म्हणून नव्हे, तर वाटेवरच्या संभाषणामुळे.

या संदर्भात राजापूर तालुक्यातील सड्यांवरची कातळशिल्पे आठवणे अपरिहार्य आहे. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. त्यांत कशेळी, बारसू, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे ही या तालुक्यातील स्थळे आहेत. कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या देहरेषेच्या आत अनेक लहानमोठे प्राणी कोरलेले आहेत. हाही एक संग्रह आहे. पण येथे संग्राहक माणूस नसून प्राणीच प्राण्यांना सामावून घेतो. बारसूच्या शिल्पात उभ्या मानवाकृतीच्या दोहो बाजूंना वाघ आहेत. तो त्यांना आवरतो आहे, त्यांच्या सोबतीने उभा आहे की त्यांच्यामध्ये सापडला आहे, हे दगड सांगत नाही. या शिल्पांचा काळ आणि हेतू यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांवरून खेळाचा पूर्वेतिहास रचणे हास्यास्पद ठरेल. मात्र त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर एवढे कळते की मनुष्य आणि श्वापद यांना एका चौकटीत आणण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत, आणि चेंडूत बंद करणे हा त्यांपैकी एकच.

५

राहिला भाषेचा प्रश्न. पोकेमॉनची चित्रमालिका २००३ पासून भारतीय दूरचित्रवाणीवर हिंदीत दिसू लागली. ‘पोकेमॉन गो’ हा भ्रमणध्वनीवरचा खेळ डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे आला आणि २०२३ मध्ये त्यात हिंदीची भर पडली. मूळ मालिकेतील एकही खेळ मराठीत झालेला नाही. राजापुरातले मूल हा खेळ खेळते तेव्हा अद्भुताचे व्याकरण ते परभाषेत शिकते. काही ठिकाणी अनपेक्षित मराठी अर्थ उगवतो : वृक्षाचे इंग्रजी नाव धारण करणारे प्रोफेसर ओक कोकणातल्या मुलाला ओळखीचे आडनाव घेऊन भेटतात. पण अधिकृतपणे मराठी आत येऊ शकते ती एकाच फटीतून. प्राणी मिळताच त्याला स्वतःचे नाव द्यायचे का, असे खेळ विचारतो. रोमन लिपीतली दहा अक्षरे त्यासाठी असतात. कोणी तेथे ‘मोती’ लिहिले, तर तेवढ्यापुरता तो प्राणी सूचीतून सुटतो आणि अंगणात येतो. नाव ठेवण्याची ही मुभा प्रत्येक प्राण्याच्या बाबतीत आहे. पण पहिल्याला नाव ठेवण्यामागे जे कारण असते ते शंभराव्याच्या वेळी शिल्लक राहत नाही. सोबत संपून साठा कुठे सुरू होतो, हे याच जागी सर्वांत स्पष्ट दिसते.

साहित्याच्या अभ्यासालाही ही मीमांसा लागू पडते. विद्यार्थी प्रथम एखाद्याच पुस्तकाच्या सोबतीने वाङ्मयाच्या उंच गवतात शिरतो. पुढे प्रवाह, कालखंड आणि प्रकार यांच्या पेट्या भरत जातात. सूचीशिवाय शास्त्र उभे राहत नाही, हे खरे. परंतु पेटीत ठेवलेल्या पुस्तकांपैकी कोणते अजूनही आपल्याबरोबर चालते आहे, हा प्रश्न ज्या समीक्षेला पडत नाही, तिच्यापाशी साठा पुष्कळ असेल. अंधार पडल्यावर वेस ओलांडण्यासाठी लागणारी सोबत नसेल.