मिल्थॉर्पचा मळा : एडवर्ड कार्पेंटर यांच्या साध्या राहणीचें परीक्षण

निवृत्तीनंतर शहर सोडावें, कोंकणांत दोन एकर जागा घ्यावी, छपरावर सौरपट्टे बसवून विजेच्या तारेचें बंधन तोडावें आणि आपल्या विहिरीचें पाणी व आपल्या मळ्यांतील भाजी यांवर उरलेले दिवस काढावे, हें स्वप्न हल्लीं अनेक सुशिक्षित घरांतून ऐकूं येतें. प्रस्तुत लेखकही त्यांतून मुक्त नाहीं. अशा मनःस्थितींत मनुष्य बहुधा थोरोचें ‘वॉल्डन’ उघडतो. परंतु थोरो दोन वर्षांनीं गांवांत परत आला. ज्यानें जवळजवळ चाळीस वर्षें एकाच मळ्यांत काढलीं, त्या एडवर्ड कार्पेंटरचीं पुस्तकें आपल्याकडे फारशीं वाचलीं जात नाहींत. हें स्वप्न पाहणारांनीं तीं वाचावीं, आणि डोळसपणें वाचावीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

कार्पेंटर यांचा जन्म १८४४ चा, सुखवस्तु घराण्यांतला. केंब्रिजला ते फेलो होते व धर्मोपदेशकही होते. १८७४ मध्यें त्यांनीं तो पेशा सोडला आणि उत्तर इंग्लंडांतील गांवोगांवीं व्याख्यानें देत फिरूं लागले. पुढें वडिलांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या वारशांतून त्यांनीं डर्बीशायरमध्यें मिल्थॉर्प येथें सात एकर जमीन घेतली, आणि १८८३ पासून १९२२ पर्यंत ते तेथें राहिले. भाजीपाला पिकवून बाजारांत विकावा. हिंदुस्थानांतून एका मित्रानें धाडलेल्या जोडावरून स्वतः चपला शिवाव्या. ओढ्यांत स्नान करावें आणि उघड्या अंगावर ऊन घ्यावें, असा तेथील क्रम होता.

या जीवनाचें तत्त्वज्ञान ‘इंग्लंड्स आयडियल’ (१८८७) आणि ‘सिव्हिलायझेशन : इट्स कॉज अँड क्युअर’ (१८८९) या दोन पुस्तकांत आलें आहे. सुधारणा हा एक रोग आहे, घराच्या भिंती आणि अंगावरच्या कपड्यांचे थर यांनीं मनुष्य सूर्यापासून व वाऱ्यापासून तुटला आहे, आणि तो बरा व्हावयाचा तर हीं आवरणें उतरलीं पाहिजेत, असा त्यांचा मथितार्थ आहे. गांधीजींनीं १९०९ मध्यें ‘हिंद स्वराज्य’ लिहितांना या दुसऱ्या पुस्तकाचा आधार घेतला, हें पुष्कळांस ठाऊक असेल. कार्पेंटर यांची भाषा घरगुती आहे. उपदेशकाचा चढा स्वर तींत क्वचितच लागतो. पण युक्तिवाद मात्र सर्वत्र भक्कम नाहीं. रानटी मानलेल्या जातींचें आरोग्य सुधारलेल्यांहून चांगलें असतें, हें विधान ते प्रवाशांच्या वृत्तान्तांवर विसंबून सहजपणें करून जातात. त्या जातींतील बालमृत्यु व दुष्काळ त्यांच्या दृष्टीस पडत नाहींत.

याहून मोठी शंका हिशेबाची आहे. मिल्थॉर्पचा मळा स्वावलंबी होता काय ? नव्हता. जमीन वारशाच्या पैशानें आली. मळ्यांत व घरांत राबावयास शेफील्डकडील एक कारागीर आपल्या बायकामुलांसह आला. पुढें त्याची जागा दुसऱ्या कुटुंबानें घेतली. स्वतः कार्पेंटर कुदळ चालवीत, हें खरें. परंतु कुदळ खालीं ठेवून लेखणी हातीं घेण्याची सवड त्यांस होती, ती दुसऱ्या कोणाच्या श्रमांमुळें. त्यांच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं ही विसंगति त्यांनीं झांकली नाहीं. मिल्थॉर्पला बिऱ्हाड थाटतांच ‘वॉल्डन’ हातीं पडलें आणि आपण बाजाराच्या व्यवहारांत अडकलों असें वाटून मन अस्वस्थ झालें, अशी कबुली त्यांनीं ‘माय डेज अँड ड्रीम्स’ (१९१६) या आत्मचरित्रांत दिली आहे.

कपडे उतरविण्याच्या उपदेशाची कसोटी पाहावयास आपणांस फार दूर जावयास नको. १८९१ मध्यें, म्हणजे कार्पेंटर यांच्या सिंहलद्वीप-हिंदुस्थानच्या प्रवासाच्या सुमारासच, ठाण्याचे इंग्रज न्यायाधीश क्रॉफर्ड यांनीं ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ नांवाचा नग्नतावाद्यांचा संघ काढला. सभासद अवघे तीन. त्याची माहिती आज उरली आहे ती मुख्यतः क्रॉफर्ड यांनीं कार्पेंटर यांस लिहिलेल्या पत्रांवरून. ज्या ठाणें जिल्ह्यांत हा संघ निघाला, त्याच जिल्ह्यांत कुणबी लंगोटी लावून उन्हांत राबत होता. त्याच्या उघड्या अंगास कोणी रोगावरचा उपाय म्हटलें नाहीं. ज्याच्या कपाटांत कपडे आहेत, त्यालाच ते उतरविण्यांत मुक्ति सांपडते. ज्याला ते मिळतच नाहींत, त्याला ती उपदेशिणें ही थट्टा होय.

मग हीं पुस्तकें म्हणजे सुखवस्तूंचा एक खेळच म्हणावयाचा काय ? प्रथम वाचनीं आम्हांस तसें वाटलें होतें; आतां वाटत नाहीं. १८९८ पासून मिल्थॉर्पच्या घरांत कार्पेंटर यांच्यासोबत जॉर्ज मेरिल हे त्यांचे जीवनाचे सोबती म्हणून राहूं लागले. पुरुषापुरुषांतील अशा प्रेमास इंग्लंडांत १८८५ च्या कायद्यानें तुरुंगाची वाट दाखविली होती. १८९५ मध्यें ऑस्कर वाइल्ड यांस शिक्षा झाली आणि त्याच धास्तीनें कार्पेंटर यांचें एक पुस्तक छापावयास प्रकाशक नाकबूल झाला. तरी त्यांनीं घर बदललें नाहीं, कीं सोबती बदलला नाहीं. उलट १९०८ मध्यें ‘दि इंटरमीजिएट सेक्स’ प्रसिद्ध केलें. हें ध्यानांत घेऊन मागचीं पुस्तकें पुन्हा वाचावीं, म्हणजे आवरण उतरविण्याविषयींच्या त्या आग्रहाचा अर्थ उलगडूं लागतो. त्या माणसास जें खरोखर टोंचत होतें तें कापड नव्हे, सोंग होतें. मिल्थॉर्पनें त्यांस बाजारापासून मुक्त केलें नाहीं. पण सोंगापासून मुक्त केलें.

म्हणून आमचें मत असें कीं, स्वावलंबनाचा पाठ म्हणून हीं पुस्तकें अपुरीं आहेत. परंतु उघडेपणाचा पाठ म्हणून त्यांचें मोल कमी झालेलें नाहीं. स्वतःचा हिशेब, स्वतःचें शरीर आणि स्वतःचें प्रेम हीं तिन्ही लपवावयाचीं नाहींत, असें ठरवून जगणारा मनुष्य दुर्मिळ असतो.

कोंकणांतील जागेचा विचार आम्हीं सोडलेला नाहीं. मात्र तेथील मळ्याविषयीं कधीं कांहीं लिहिण्याचा प्रसंग आलाच, तर विहीर कोणीं खणली, आंबे कोणीं उतरविले आणि जमिनीचे पैसे कोठून आले, हें पहिल्याच पानावर लिहावयाचें, एवढें ठरलें आहे.