‘विनंती’ आणि ‘उसने’ : संगणक-समूहाच्या परिभाषेविषयी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जी गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे, तिला केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या नोंदींचे पृथक्करण संगणक-समूहांवरच व्हावयाचे. तेव्हा अशा समूहांची परिभाषा मराठीत कशी उतरते, हा प्रश्न या परिसराला परका राहिलेला नाही.

‘कुबरनेटीस’ या प्रणालीचे नाव ग्रीक असून त्याचा अर्थ कर्णधार. तिच्यावर ‘क्यू’ हे साधनवाटपाचे उपकरण बसविताना ‘रिक्वेस्ट’ हा शब्द प्रथमच आडवा येतो. त्याला ‘विनंती’ म्हणणे सर्वस्वी चुकीचे होय. विनंती अमान्य होते, अंशतः मान्यही होते. येथे मात्र सांगितलेली स्मृती हिशेबात पूर्णपणे राखली जाते आणि ती वापरात नसली तरी त्या हिश्श्यावर नवे काम बसविले जात नाही. ‘विनंती’ समजून विद्यार्थी आकडा फुगवितो, आणि यंत्र रिकामे असूनही रांग खोळंबते. ‘राखीव’ हाच शब्द योग्य.

‘लिमिट’ला ‘मर्यादा’ चालेल. तिच्या उल्लंघनाने प्रक्रियकाच्या बाबतीत काम मंदावते, स्मृतीच्या बाबतीत ते बंदच पाडले जाते. हा भेद झाकला जातो खरा, पण तो दोष मूळ इंग्रजीचा.

‘बॉरोइंग’पाशी मात्र मराठी सरस ठरते. एका गटाचा पडून असलेला वाटा दुसरा गट वापरतो. मूळ धन्याला गरज लागताच तो परत घेण्याची सोय असते. येथे व्याज नाही, म्हणून ‘कर्ज’ नव्हे. शेजारून आणलेल्या पायलीभर ज्वारीसारखे हे ‘उसने’. आणि ‘उसनवारी’ हे नामही तयारच आहे.