एका गोळीचा इतिहास

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचं पानिपत’ या कथेत १७६१ साली विश्वासरावांवर झाडलेली गोळी हुकते, मराठे जिंकतात आणि पुढचा इतिहास पालटतो. कल्पना विलक्षण, मांडणी सुबोध. तरी वऱ्हाडातला वाचक मध्येच अडखळतो. अकोला जिल्ह्यातील अडगावास २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांची फौज मोडली. शिंद्यांचे काही स्वार तीत होते, होळकर मात्र युद्धापासूनच अलिप्त. १५ डिसेंबरला गाविलगड पडला; दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. हा दुरावा कोणती गोळी हुकल्याने मिटला असता? कथा राघोबादादांना चटकन बाजूला सारते. भाऊबंदकी इतकी स्वस्तात मिटत नाही! गंगाधरपंतांच्या खिशात उरलेले बखरीचे फाटके पान मात्र वाचकाला खरेच वाटते.