रेषीय रूपांतरण : अध्यापनातील क्रम आणि अर्थ यांची चिकित्सा

प्रास्ताविक

पदवी स्तरावरील बीजगणितात 'रेषीय रूपांतरण' ही संकल्पना मध्यवर्ती होय. मॅट्रिक्स, निश्चयक व समीकरणसंच यांना तिच्यामुळेच अर्थ प्राप्त होतो. तथापि अध्यापनात बहुधा उलटा क्रम आढळतो : प्रथम मॅट्रिक्स, नंतर आकडेमोड आणि अखेरीस रूपांतरण. पेण-रोहा लोहमार्गावरील कासूसारख्या गावांतून मराठी माध्यमात शिकून येणाऱ्या विद्यार्थ्याला या क्रमाची झळ अधिक बसते. कारण त्याच्यासाठी संकल्पना आणि माध्यमभाषा एकाच वेळी बदलतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा केली आहे.

'रेषीय' शब्दाची संदिग्धता

दहावीच्या पाठ्यपुस्तकात 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हे प्रकरण आहे. ज्याचा आलेख सरळ रेषा ते रेषीय, ही धारणा तेथे पक्की होते. 'दुप्पट करून तीन मिळवा' या नियमाचा आलेखही सरळ रेषाच आहे. परंतु तो रेषीय रूपांतरण नव्हे. या नियमाने १ ची प्रतिमा ५ आणि २ ची प्रतिमा ७ येते. म्हणजे १ अधिक १ ची प्रतिमा ७, तर प्रतिमांची बेरीज १०. बेरजेची प्रतिमा ही प्रतिमांची बेरीज असावी आणि पटीची प्रतिमा ही प्रतिमेची तितकीच पट असावी, हीच रेषीयतेची खरी कसोटी. जुना अर्थ आणि नवा अर्थ यांतील हा भेद पहिल्याच तासाला स्पष्ट न केल्यास पुढील व्याख्या केवळ पाठ होते.

परिसरातील उदाहरणे

पोहे ६० रुपये आणि वाल १२० रुपये किलो मानले, तर खरेदीच्या वजनांच्या जोडीला एकूण किंमत देणारा नियम रेषीय आहे. दोन किलो पोहे वाढवून एक किलो वाल कमी केल्यास बिल बदलत नाही. असा बदल म्हणजेच या रूपांतरणाच्या कर्नलमधील सदिश. केवळ बिलावरून खरेदी का ओळखता येत नाही, याचे उत्तर कर्नलमध्ये आहे. येथे मूळ अवकाशाची मिती दोन, प्रतिमेची एक आणि कर्नलची एक. रँक-नलिटी प्रमेय याहून निराळे काही सांगत नाही.

निश्चयकाचेही तसेच. विद्यार्थी दहावीत क्रेमरच्या पद्धतीने तो काढतो, पण त्याचा भौमितिक अर्थ त्याला अज्ञात राहतो. पेणच्या एखाद्या भरीव गणेशमूर्तीची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर माती आठपट लागते. त्या रूपांतरणाचा निश्चयक ८ असतो, तो याच कारणाने.

मॅट्रिक्स हे केवळ वर्णन

कर्णरेषेवरील परावर्तन नेहमीच्या आधारात एका मॅट्रिक्सने लिहिले जाते. त्या रेषेची दिशा आणि तिला लंब दिशा हा आधार घेतल्यास कर्णावर १ व उणे १ एवढेच उरते. मॅट्रिक्स बदलले, रूपांतरण तेच राहिले. योग्य आधाराची निवड हा विषयाचा प्राण आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या १९४३ सालच्या 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' या निबंधात यादृच्छिक प्रक्रियेचे परस्परलंब फलनांत विघटन येते. पुढे ते कार्हुनेन व लोएव्ह यांच्या नावांनी रूढ झाले. तेथे सहप्रसरणातून उद्भवणाऱ्या रूपांतरणाची आयगेन फलनेच आधार पुरवितात. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात अध्यापन केलेल्या या गणितज्ञाचा उल्लेख आपल्या वर्गांत क्वचितच होतो.

समारोप

चित्रे व व्यवहारातील उदाहरणे दोन-तीन मितींपलीकडे नेत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच व्याख्या व सिद्धता अपरिहार्य ठरतात. आकडेमोडीचा सरावही टाळता येणार नाही. परंतु 'पुढील फलन रेषीय आहे हे दाखवा' याच साच्याचे प्रश्न विचारले गेले, तर विद्यार्थी कृती शिकतो, कारण नव्हे. 'हे फलन रेषीय का नाही?', 'कर्नल येथे काय सांगते?' असे प्रश्न मराठीतून चर्चेला आणि इंग्रजीतून लेखनाला दिल्यास भाषेचा अडसर आकलनाच्या आड येणार नाही. अध्यापनाचा क्रम बदलण्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची प्रतीक्षा करावी लागत नाही. तो अधिकार वर्गातील प्राध्यापकाकडेच आहे.